चोराला विकता येणार नाही असं इंजिन

किनाऱ्यावरून अख्खी होडी चोरीला गेल्याचं क्वचितच कानावर येतं. होडीचं आऊटबोर्ड इंजिन गेल्याचं मात्र अधूनमधून येतच असतं. होडीला रंग असतो, नाव असतं, नाळेजवळ रंगवलेला नोंदणी क्रमांक असतो. हर्णैची होडी देवबागला नेऊन उभी केली तर दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कुणीतरी विचारणारच, ‘ही कुणाची?’ इंजिनाबद्दल असं कुणी विचारत नाही. एकाच कंपनीची, एकाच अश्वशक्तीची दोन इंजिनं शेजारी ठेवली तर मालकालासुद्धा टोपणावरच्या ओरखड्यांवरून आपलं कुठलं ते ओळखावं लागतं.

शिवाय ते काढायला सोपं. ८ ते १५ अश्वशक्तीची इंजिनं मागच्या फळीवर दोन पिळाच्या स्क्रूंनी आवळलेली असतात. त्यांना पाना लागत नाही, हाताने फिरतात. मालकाला इंजिन रोज घरी नेता यावं म्हणूनच ही सोय आहे आणि ती चोरालाही तितकीच सोयीची पडते. टू-स्ट्रोक असेल तर वजन ३५ ते ४० किलोंच्या आसपास, म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस खांद्यावर टाकून चालू लागेल. ४० अश्वशक्तीच्या इंजिनाला दोघं-तिघं लागतात, ते बोल्टांनी पक्कं केलेलं असतं, पण त्याची किंमतही तशीच असते. चोर तीन माणसं आणि पाने घेऊन येतो, एवढाच फरक.

इंजिन जपायचं म्हटलं की बहुतेक जण कुलपाच्या दुकानात जातात. कुलूप हवंच, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण चोर त्या इंजिनावर मासेमारीला जाणार नसतो, तो ते विकणार असतो. कुलूप त्याची दहा-पंधरा मिनिटं खातं. इंजिनावर ठिकठिकाणी कोरलेला नंबर त्याचं गिऱ्हाईक पळवून लावतो. म्हणून सुरुवात नंबरापासून करू. त्याला खर्चही सगळ्यात कमी येतो, आणि तरीही तेच काम सगळ्यात जास्त टाळलं जातं.

आधी नंबर

पुढच्या वेळी होडीवर जाल तेव्हा एक ओलं फडकं आणि मोबाइल घेऊन जा. इंजिन ज्या ब्रॅकेटने फळीला धरलेलं असतं, त्या ब्रॅकेटवर बहुतेक कंपन्यांचा मॉडेल क्रमांक आणि सिरियल नंबर पट्टीवर किंवा स्टिकरवर छापलेला असतो. खाऱ्या हवेने ही अक्षरं काही वर्षांत पुसट होतात आणि पट्टी सहज उचकटताही येते. आत्ता वाचता येतोय तोवर स्वच्छ पुसून फोटो काढा आणि बिलावरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवा. बिलात चूक सापडली तर विक्रेत्याकडून लगेच दुरुस्त करून घ्या. इंजिन गेल्यावर ‘शेवटचा आकडा आठ नाही, तीन आहे’ हे पोलिसांना आणि विमा कंपनीला पटवताना नाकी नऊ येतात.

काही बनावटींत आत ब्लॉकवरही नंबर असतो आणि तो बाहेरची पट्टी काढली तरी राहतो. पुढच्या सर्व्हिसिंगला टोपण उघडलं की मेकॅनिकला तो दाखवायला सांगा आणि त्याचाही फोटो ठेवा.

हे झालं कंपनीचं काम. आता आपलं. होडीचा नोंदणी क्रमांक इंजिनावर कोरून घ्या. कोरायला काय वापरायचं हा प्रश्न पडायला नको. भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर नाव घालून देतात, तेच छोटं मशीन इथे चालतं. हातोडी आणि आकड्यांचे पंच घेऊन ओतीव अॅल्युमिनियमवर ठोकत बसू नका, ओतकाम तडकू शकतं. जिथे कोराल तिथला रंग निघतो आणि मीठ नेमकं तिथेच शिरतं, म्हणून वरून पारदर्शक वार्निशचा एक हात मारा. ब्रॅकेटवर, टोपणाच्या आतल्या बाजूला, हँडलवर आणि पंख्याच्या वरच्या गिअरच्या भागावर असा चार-पाच ठिकाणी नंबर घाला. दोन जागा ठळक असू द्या, चोराने त्या काळोखातही पाहाव्यात अशा. बाकीच्या जागा फक्त तुमच्या वहीत लिहिलेल्या असाव्यात. चोर दिसतील तेवढे नंबर घासून काढतो, आणि घासलेली जागा स्वतःच बोलते.

टोपणाला भडक रंग द्यायचा का? द्या. कंपनीचा करडा किंवा काळा रंग देखणा दिसतो खरा, पण पिवळ्याजर्द टोपणावर होडीचं नाव लिहिलेलं इंजिन टेम्पोत टाकून नेताना चोराला ताडपत्री लागते, आणि विकताना आधी टोपण बदलावं लागतं. नवं इंजिन पुन्हा विकायचं असेल तर रंगामुळे किंमत थोडी कमी येईल. ती झळ सोसण्याजोगी आहे.

यापुढचं काम एकट्याचं नाही. बहुतेक बंदरांवर मच्छीमार सहकारी संस्था असते. तिच्याकडे सभासदांच्या होड्यांची कागदपत्रं असतात, डिझेलचा हिशेब असतो. त्याच कार्यालयात एक वही ठेवायची: होडीचा क्रमांक, इंजिनाची कंपनी, अश्वशक्ती, सिरियल नंबर, खरेदीची तारीख आणि फोटो. दहा रुपयांच्या वहीचं काम आहे. शेजारच्या तीन-चार संस्थांनी आपापल्या याद्या एकमेकांना दिल्या, तर चोरीचं इंजिन त्या पट्ट्यात उघडपणे वापरणं किंवा विकणं कठीण होईल. एखादा गाव कॅमेऱ्यासाठी लाखभर रुपये जमवतो आणि ही वही मात्र करत नाही, याचं मला नवल वाटतं.

कुलूप, साखळी आणि फळी

स्क्रूंवर बसणाऱ्या लहान इंजिनासाठी खाचेची पोलादी नळी मिळते. दोन्ही स्क्रूंच्या मुठी एका ओळीत आणायच्या, वरून नळी सरकवायची आणि टोकाला कुलूप लावायचं. मुठी फिरेनाशा झाल्या की इंजिन सुटत नाही. बोल्टांवर बसणाऱ्या मोठ्या इंजिनासाठी खास किल्लीचा नट मिळतो. चारपैकी एका बोल्टवर तो बसवला तरी पुरतं, कारण चोराला चारही सोडवायचे असतात.

याच्या जोडीला साखळी हवी. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी ६ किंवा ८ मिलिमीटरची साधी साखळी बोल्ट कटरच्या एका दाबात तुटते. निदान १० मिलिमीटरची, पोलादाला पाणी देऊन कठीण केलेली साखळी घ्या, आणि कुलपाची कडीही तितक्याच तोलाची असू द्या. साखळी इंजिनाच्या उचलायच्या मुठीतून ओवू नका, ती मूठ चार स्क्रूंवर असते. ब्रॅकेटच्या ओतीव भागातून ओवा आणि होडीतल्या पक्क्या कड्याला अडकवा. कडं म्हणजे फळीतून आरपार जाणारं, आतून मोठी वॉशर असलेलं. लाकडात नुसता पिळलेला हूक नव्हे. साखळीवर जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवला तर ती इंजिनाला घासत नाही, आणि पोलाद अॅल्युमिनियमला सतत टेकून गंज धरत नाही. इंजिन वर उचलता येईल आणि दोन्ही बाजूंना पुरतं वळेल एवढी ढील ठेवा. या साखळीचा समुद्रातही उपयोग होतो. थरथरीने स्क्रू ढिले होऊन इंजिन उडालं तर ते तळाला न जाता साखळीला लटकतं.

खाऱ्या पाण्यात कुलपाचे हाल फार. पितळी कुलूप घ्या, किल्लीचं भोक खालच्या बाजूला येईल असं लटकवा, वर सायकलच्या जुन्या ट्यूबची झडप बांधा आणि दर पंधरवड्याला तेलाचे दोन थेंब सोडा. नाहीतर एक दिवस कुलूप जाम होतं, पहाटे घाईत मालकच ते कापतो आणि पुन्हा लावत नाही. मेंटेनन्सला कंटाळून सोडलेली कुलपं मी चोरांनी तोडलेल्या कुलपांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

मागची फळी हा विषय बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. फायबरच्या होडीत त्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरलं की ते कुजतं. बोटांनी किंवा लाकडी मुठीने वाजवून पाहा. टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला तर कुलूप कितीही भारी असो, चोर करवतीने फळीचा तुकडाच इंजिनासकट नेईल. इंजिनही अशा फळीवर सुरक्षित नसतं, तेव्हा दुरुस्ती तशीही करायचीच आहे.

वाट पाण्याची की रस्त्याची

आपल्या होडीवर चोर कुठून येईल याचा विचार केल्याशिवाय पैसे खर्च करू नका. रस्ता आणि पाणी या दोन वाटा अगदी वेगळ्या आहेत.

कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. बंदरागणिक थोडा फरक पडतो, मुंबईला ती बाराकडे झुकते. म्हणजे अमावास्येच्या रात्री मिट्ट काळोख असतो, उधाणाची भरती असते आणि ती नेमकी मध्यरात्रीच्या आसपास होते. जी होडी एरवी चिखलात टेकलेली असते, तिच्या कुशीला दुसरी होडी बिनआवाज लावता येते. पाण्याच्या वाटेने येणाऱ्याला याहून चांगला मुहूर्त नाही. खाडीत होडी ठेवणाऱ्यांनी राखणीच्या पाळ्या वाराप्रमाणे न लावता तिथीप्रमाणे लावाव्यात. रोज जागायला माणसं नसतील तर निदान अमावास्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन रात्री तरी जागाव्यात.

रस्त्याने येणाऱ्याला उलट ओहोटी हवी असते, होडी कोरड्यावर असली की झालं. पण तो चिखलाला कचरतो. गुडघाभर चिखलातून ४० किलो घेऊन चालणं हे काम आहे. पक्क्या वाळूच्या किनाऱ्यावर मात्र टेम्पो थेट होडीला टेकतो. तारकर्लीसारख्या पर्यटनाच्या किनाऱ्यांवर रात्री दहानंतरही अनोळखी गाड्या फिरत असतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तिथे इंजिन काढून घरी नेण्याला पर्याय नाही. दोन चाकांची हातगाडी करून घ्या. कंटाळा येतो तो वजनाचा, गाडी असली की येत नाही.

एक युक्ती चोरांचीही समजून घ्या. इंजिनाला भक्कम कुलूप आहे असं दिसलं की ते होडीच ओढून नेतात, तिवरांच्या आड लावतात, निवांत कापाकापी करतात आणि होडी सोडून देतात. म्हणून इंजिन होडीला बांधलं तसं होडीही जमिनीला बांधायला हवी. नांगराचा किंवा खुंटाचा दोर सुरीने क्षणात कापला जातो, तेव्हा होडीकडचे पहिले दोन-तीन मीटर तरी साखळीचे ठेवा. पेट्रोलची टाकी आणि नळी रात्री घरी न्या. इंजिन बंद पाडणारी मनगटाची दोरी, म्हणजे किल स्विचची क्लिपसुद्धा, होडीत सोडू नका. यांनी इंजिनाची चोरी थांबत नाही, पण तुमचंच इंजिन चालवून तुमचीच होडी पळवण्याची सोय तरी राहत नाही.

दिवा लावताना तो दिवा कुणाला दिसणार हे आधी बघा. कोळीवाड्यातल्या दहा घरांच्या खिडक्या जेटीकडे असतील तर सौर दिवा उत्तम. आसपास कुणी राहतच नसेल तर तो दिवा चोराला पाना नीट धरायला मदत करतो. कॅमेऱ्याचंही तसंच. पाण्यावर रोखलेला कॅमेरा रात्री काळोखाचं चित्रीकरण करतो आणि काच चार दिवसांत मिठाने धुरकट होते. तोच कॅमेरा जेटीचा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो त्या तोंडावर, गाडीचा नंबर वाचता येईल एवढ्या उंचीवर लावा.

जीपीएस ट्रॅकर आता परवडतात. लहान इंजिनांना स्वतःची बॅटरी नसते, तेव्हा स्वतःच्या चार्जवर काही आठवडे टिकणारा, पाणी न शिरणारा आणि मोबाइलच्या सिमवर चालणारा घ्या. टोपण फायबरचं किंवा प्लास्टिकचं असल्याने सिग्नल बाहेर पडतो. मात्र सिलिंडरजवळ ठेवू नका, उष्णतेने जाईल. किल्ल्या शोधायला मिळतात ती नाण्याएवढी यंत्रं आसपासच्या लोकांच्या फोनवर विसंबून असतात, त्यामुळे निर्जन खाडीत ती मुकी होतात. ट्रॅकर कुठे बसवला आहे हे खलाशांनाही सांगू नका. खलाशी चोर असतो म्हणून नव्हे, चहाच्या टपरीवर गप्पा होतात म्हणून.

पावसाळ्यात

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू झाली की होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि इंजिनं घरात येतात. घरात म्हणजे बहुतेकांच्या पडवीत. समुद्रावर कुलूपबंद असणारं इंजिन पडवीत दोन महिने नुसतं पोतं पांघरून उभं असतं, आणि मुसळधार पावसात बाहेरचा आवाज माजघरात ऐकू येत नाही. गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुतल्यावर ते आतल्या खोलीत स्टँडवर उभं करा आणि साखळीने खांबाला किंवा खिडकीच्या गजाला बांधा.

याच दिवसांत इंजिनं दुरुस्तीला जातात. मेकॅनिकच्या शेडमध्ये एका वेळी बरीच इंजिनं असतात आणि पावतीवर नुसतं ‘१ इंजिन’ एवढंच लिहिलेलं असतं. सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय इंजिन सोडू नका. परत आणताना नंबर पाहूनच गाडीत चढवा. ओळखीतल्या माणसाशी असं वागायला संकोच वाटतो, पण रात्री त्याची शेड फुटली तर हाच कागद त्याच्याही कामी येतो.

विम्याचं बारीक अक्षर

होडीचा विमा आहे म्हणजे इंजिनाची चोरी त्यात आलीच असं धरून चालू नका. लंडनच्या विमा बाजारात छोट्या बोटींसाठी १९८५ पासून वापरात असलेल्या ‘इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस’मध्ये आऊटबोर्डच्या चोरीची भरपाई एका अटीवर मिळते: नेहमीच्या जोडणीखेरीज वेगळ्या चोरीरोधक साधनाने इंजिन बोटीला पक्कं कुलूपबंद केलेलं असलं पाहिजे. म्हणजे नुसते स्क्रू आवळलेले चालत नाहीत. आपल्या पॉलिसीत अशी अट आहे का, इंजिन घरी काढून ठेवलं असताना विमा लागू होतो का आणि इंजिनाचा नंबर पॉलिसीत लिहिला आहे का, हे तीन प्रश्न एजंटला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कुलूप लावलेल्या इंजिनाचा फोटो आणि कुलपाचं बिलही जपून ठेवा.

स्वस्तात मिळालेलं इंजिन

हा भाग काहींना आवडणार नाही. चोरीची इंजिनं कुणीतरी घेतं म्हणून ती चोरली जातात, आणि घेणारा बहुतेकदा आपल्यासारखाच होडीवाला असतो. निम्म्या किमतीत, बिलाशिवाय, ‘मुंबईच्या पार्टीचं आहे’ असं सांगून इंजिन समोर आलं तर ब्रॅकेटवरची पट्टी पाहा. रिव्हेट नवे दिसतात का, कुठे घासल्याच्या खुणा आहेत का, टोपणाचा रंग आणि खालच्या भागाचा रंग एकाच वयाचे आहेत का? मूळ बिल मागा, विकणाऱ्याच्या होडीचा परवाना मागा आणि नंबर कंपनीच्या विक्रेत्याला फोनवर सांगून विचारा. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसं मानायला कारण असून तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मला काय माहीत’ हे उत्तर निम्म्या किमतीपुढे टिकत नाही.

गेलंच तर

सकाळी इंजिन नाही असं दिसलं की पहिल्यांदा होडीला हात लावू नका. स्क्रूंच्या खुणा, तुटलेली साखळी, फळीवरचे पायाचे ठसे यांचे फोटो काढा. मग ११२ किंवा सागरी सुरक्षेच्या १०९३ वर फोन करा. पोलीस ठाण्यात ‘हद्द आमची नाही’ असं ऐकावं लागलं तर आठवण करून द्या: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची असते. खाडीच्या दोन काठांना दोन ठाणी असतात, तिथे हे कलम फार उपयोगी पडतं. खबर ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, तीत सिरियल नंबर बरोबर लिहिला आहे ना हे सही करण्याआधी वाचा.

त्याच तासात नंबर आणि फोटो शेजारच्या बंदरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर टाका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेकॅनिकांना आणि सुट्या भागांच्या दुकानदारांना फोन करा. खाऱ्या पाण्यात चालणारं इंजिन फार दिवस मेकॅनिकला चुकवू शकत नाही. विमा कंपनीला आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यालाही लेखी कळवा.

इंजिन कुणाकडे दिसलं तर चार माणसं घेऊन उचलून आणू नका. पोलिसांकडून पंचनामा होऊ द्या, मग न्यायालयात अर्ज करून मूळ बिलावर ते सुपूर्तनाम्याने परत मिळतं. चोर पकडले जाण्याच्या भीतीने कधीकधी इंजिन खाडीत टाकून देतात. तसं बुडालेलं मिळालं तर चालू करून पाहण्याचा मोह आवरा. पाण्यातून बाहेर काढल्यावर हवा लागली की आतले भाग झपाट्याने गंजू लागतात. पोलिसांची परवानगी घेऊन ते गोड्या पाण्याने धुवा, मेकॅनिक येईपर्यंत गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा आणि त्याच दिवशी उघडून घ्या.